उलट्या बाजूची बारा नंबर

"तुम्ही मंत्र म्हणताय का?"

माझ्या प्रश्नाने तो दचकला. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, खिडकीशी बसला होता. मांडीवर वही होती आणि तोंडातल्या तोंडात पुटपुटणं मघापासून चालूच होतं - "शाळा... डावीकडे खड्डा... बँक... सिग्नल लांबचा..." मी शेजारीच होते आणि माझं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं.

"रस्ता पाठ करतोय," तो म्हणाला.

"रस्ता कोण पाठ करतं?"

"ज्याची उद्या बस चालवायची परीक्षा आहे तो." त्याने वहीत खोचलेला एक कागद दाखवला. "सहा फेऱ्या प्रवासी म्हणून बसून करायच्या. प्रत्येक फेरीच्या शेवटी डेपोतल्या साहेबांची सही. ही सहावी."

पाच सह्या झाल्या होत्या. सहावी जागा रिकामी होती. मी ते बघितलं, आणि त्याच्या कॉलरची शिलाई एका बाजूने उसवलीय हेही बघितलं. माझी नजर आधी शिलाईवर जाते, मग माणसावर. माणूस... ठीक होता. पापण्या उगाचच लांब. मुलांना कशाला लागतात एवढ्या लांब पापण्या?

"आता गप्प बसा," मी म्हटलं. "मी स्टॉप मोजतेय. तुमच्या बडबडीने चुकेन."

"कुठं उतरायचंय?"

"पाण्याची टाकी. बारा नंबर, नववा स्टॉप. आता आठवा गेला."

तो एकदम गप्प झाला. मी सांगितलं म्हणून नव्हे. त्याने माझ्याकडे बघितलं, मग मांडीवर घट्ट धरलेल्या माझ्या पिशवीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"काय झालं?"

"तुम्ही रागावणार नाही ना?"

"मी रागावतेच. बोला."

"ही बारा नंबरच आहे. पण... टाकीकडून उलटी जाणारी. तुम्हाला रस्त्याच्या पलीकडच्या बाजूने बसायला हवं होतं."

मी अर्धवट उठले, पुन्हा बसले.

आमच्याकडे एकच बस. एकच खांब. ती येते, वळते, तिथूनच जाते. एकाच नंबरच्या दोन बस, दोन बाजूंना, दोन वेगळ्या दिशांना असतात हे मला कोण सांगणार? दादाने नंबर सांगितला, स्टॉप सांगितला. बाजू सांगितली नाही. स्वतःला फार शहाणा समजतो.

"आता किती वाजले?"

"दहा चौदा."

"अकराला दार बंद होतं," मी म्हटलं. आवाज माझा मलाच बारीक वाटला. "शिवणाच्या कारखान्यात. कोटाची बाही बसवून दाखवायची. वर्षातून एकदाच मुली कामावर घेतात. नाही पोचले तर दादा मला परत दहावीत बसवणार. एकोणीस वर्षांची मी, आणि शेजारी पंधरा वर्षांची पोरं! मी जीव देईन, पण त्या बाकावर बसणार नाही."

तो हसला नाही. हसला असता तर मी पिशवी त्याच्या डोक्यात घातली असती.

"पलीकडून परतीची बस धरली तर पन्नास मिनिटं, गर्दी वेगळी," तो भराभर म्हणाला. "नाही जमणार. ऐका. पुढच्या स्टॉपला उतरा. पूल ओलांडा, उजवीकडे वळा, मेट्रो. हिरवी लाईन, तीन स्टेशनं. दोन नंबरच्या दारानं बाहेर, मग सरळ पळत सुटा. म्हणून दाखवा."

"पूल. मेट्रो. हिरवी. दोन स्टेशनं..."

"तीन. दार दोन नंबरचं."

"तेच म्हणाले मी!"

"नाही म्हणालात."

बस थांबली. मी उडी मारून उतरले आणि मागे न बघता पळाले. पुलाच्या जिन्यावर गर्दी होती, सगळे खाली येत होते, मी एकटी वर जात होते. पलीकडे उतरले. समोर दोन रस्ते. डावा की...? डावा. दहा पावलं गेले असेन, तेवढ्यात मागून हाक आली.

"अहो! बाई! उजवीकडे!"

तो धापा टाकत उभा होता. वही काखेत.

"तुम्ही कशाला उतरलात?" मी ओरडले.

"तुम्ही चुकणार म्हणून."

"कशावरून?"

"आता चुकलात त्यावरून."

"आणि तुमची सही?"

"चला आधी. दहा एकवीस झाले."

मी त्याच्या मागे पळाले. बोलायला श्वास नव्हता.

मेट्रोत खाली जायला तो सरकता जिना. मी काठावर जाऊन थबकले. पायऱ्या जमिनीतून निघत होत्या आणि खाली पळत होत्या. मागून लोक "अहो, चला ना" करत होते. माझे पाय जागचे हलेनात.

"घाबरलात?"

"मी? छे!"

"मग चला की."

"...येते हो! घाई कसली?"

त्याने स्वतःच्या खांद्यावरच्या पिशवीचा पट्टा सोडवला आणि एक टोक माझ्यापुढे धरलं. "हात धरायला सांगितलं तर थोबाडीत माराल. हा धरा. मी एक म्हटलं की उजवा पाय."

मी पट्टा धरला. त्याने एक म्हटलं. पूर्ण जिना उतरेपर्यंत मी फक्त त्याच्या मानेकडे बघत होते. खाली पोचल्यावर पट्टा सोडायला मी जरा उशीर केला... पण ते त्याच्या लक्षात आलं नसावं. आलं असेल तर त्याने दाखवलं नाही.

गाडीत जागा नव्हती. दोघं दाराशी उभे राहिलो. पहिलं स्टेशन गेलं. दुसरं गेलं. आणि मग बोगद्याच्या मधोमध गाडी थांबली.

दहा एकेचाळीस.

एक मिनिट. दोन मिनिटं. पंख्याचा आवाजसुद्धा बंद. कुणीतरी खोकलं. माझ्या तळहातांना घाम सुटला. ओल्या हातांनी सुई निसटते, हे माहीत असल्यामुळे आणखी घाम सुटला.

"शाळा का सोडलीत?" त्याने अचानक विचारलं.

"ही वेळ आहे विचारायची?"

"दुसरं काय करणार आहोत आपण?"

"गणिताच्या बाई म्हणाल्या, हिला कापड मोजता येईल, आकडे नाही. मी डस्टर फेकलं."

"लागलं?"

"खिडकीला."

आता मात्र तो हसला. आणि - काय सांगू - त्या अंधाऱ्या बोगद्यात, सगळं बुडत असताना मलाही हसू आलं. म्हणून मी लगेच तोंड फिरवलं.

"तुम्हाला बसच का चालवायचीय?" मी दाराच्या काचेला विचारलं.

"घरी मी सगळ्यात धाकटा. मला कुणी काही विचारत नाही. बसवाल्याला सगळे विचारतात - ही कुठं जाते, कधी पोचते, थांबते का. सांगितलं की विश्वास ठेवतात." तो थांबला. "तुम्ही मात्र नाही ठेवलात. डावीकडे गेलात."

मी काहीतरी खरमरीत बोलणार होते, पण गाडीला धक्का बसला आणि ती निघाली. त्या धक्क्यात माझं डोकं त्याच्या खांद्यावर आपटलं. "लागलं?" त्याने विचारलं. "खांद्याला विचारा," मी म्हटलं.

बाहेर आलो तेव्हा दहा एक्कावन्न. पळालो. औषधांचं दुकान, सायकलवाल्याचं दुकान, एक लांबलचक भिंत, मग टाकी. टाकीमागची गल्ली. कारखान्याचा दरवान लोखंडी दार ओढत होता, एका माणसाएवढी फट उरली होती.

"काका! थांबा!"

"एवढा उशीर असतो होय, पोरी?"

"अजून अकरा वाजले नाहीत!" मी फटीत पाय घातला. "तुमचं घड्याळ बघा!"

त्यांनी खरंच बघितलं. दोन मिनिटं कमी होती. मी आत शिरले, वळले. तो रस्त्यावरच गुडघ्यांवर हात टेकून उभा होता.

"जा ना आता!" मी म्हटलं. "दुसरी बस पकडा. सही घ्या!"

त्याने हात हलवला. दार बंद झालं.

आत लांब टेबल, बारा मुली, आणि कुणाचाच आवाज नाही. मास्तरांनी कोटाचा अंगाचा भाग आणि कापलेली बाही माझ्यापुढे टाकली. कोटाच्या बाहीची गोलाई मुंढ्यापेक्षा, म्हणजे जिथं ती बसवायची त्या भोकापेक्षा, मोठी असते. जास्तीचं कापड चुणी न पडू देता त्यात जिरवायचं असतं. मावशी म्हणते, रागावलेल्या माणसाला घरात घ्यावं तसं - ओढायचं नाही, थोडं थोडं आत सरकवायचं.

मी सुई ओवली. पहिला कच्चा टाका वाकडा गेला. उसवला. दुसऱ्यांदा खांद्यापाशी चुणी पडली. उसवली. शेजारची मुलगी तोवर मशीनवर गेली होती. मी डोळे मिटले. का कुणास ठाऊक, कानात "शाळा... डावीकडे खड्डा... बँक..." सुरू झालं, आणि त्या तालावर माझा टाका सरळ पडायला लागला.

मास्तरांनी बाही उलटी केली, ओढली, उजेडात धरली.

"कुणी शिकवलं?"

"मावशीनं."

"दोनदा उसवलंस."

"हो. वाईट ठेवायचं कशाला?"

त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "जीभ कात्रीसारखी आहे. सोमवारपासून ये."

बाहेर आले तेव्हा सव्वा वाजला होता. गल्ली रिकामी होती. दरवानकाका म्हणाले, "तो पोरगा? गेला तेव्हाच." मीच जा म्हटलं होतं. तरी मी गल्लीच्या दोन्ही टोकांना बघितलं. नाव नाही, नंबर नाही... एवढ्या मोठ्या शहरात लांब पापण्यांचा माणूस असं कुणाला विचारायचं?

टाकीच्या स्टॉपवर आले. बाकावर तो बसला होता.

"मिळाली?" त्याने उठून विचारलं.

"आधी तुझं सांग. सही?"

तो अहोचा अरे कधी झाला, मला कळलंच नाही. त्याला कळलं. कानाची पाळी लाल झाली त्याची.

"डेपोत जाऊन आलो. सकाळचे साहेब निघून गेले होते. फेरी बाद. आता परीक्षा पुढच्या महिन्यात. तोवर बस धुवायच्या."

"मूर्ख आहेस का तू?" माझा आवाज चढला. स्टॉपवरच्या आजी वळून बघायला लागल्या. "अनोळखी मुलीसाठी कुणी असं करतं? मी सांगितलं होतं उतरायला?"

"नाही."

"मग?"

"बसचं दार बंद होत होतं," तो म्हणाला. "तुम्ही... तू पुलावर चढताना दिसलीस. सगळे खाली येत होते, तू एकटीच वर. मला वाटलं - हिला परत कधी बघायला मिळणार? परीक्षा पुन्हा होते." त्याने घसा साफ केला. "एवढंच."

आजींनी कौतुकाने मान हलवली. मला काय बोलावं सुचेना. मला! ज्या मुलीची जीभ कात्रीसारखी, तिला!

"मिळाली," मी शेवटी म्हटलं. "सोमवारपासून."

तो हसला, अगदी डोळ्यांपर्यंत. तेवढ्यात बस आली. बारा नंबर, सकाळी मी जिथून चढले तिकडे जाणारी. दार उघडलं. आजी चढल्या.

"ही तुझी," तो हळूच म्हणाला. "बरोबर बाजूची आहे."

"माहितीये."

ड्रायव्हरने माझ्याकडे बघितलं. मी टाकीकडे बघितलं. दार मिटलं, बस निघून गेली.

"पुढची आता वीस मिनिटांनी," तो म्हणाला.

मी बाकावर बसले, पिशवी मांडीवरून उचलून पलीकडे ठेवली आणि शेजारची जागा मोकळी केली.

"मग बस ना. वीस मिनिटं बोल."