एकशे बारा चुका

वैजयंता मगदूमने ठिगळ डॉ. ओगल्यांच्या टेबलावर आपटलं. ते जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढं होतं, त्यामुळे आवाज काही झाला नाही. तिला आणखीच राग आला.

"हे गोल दिसतंय तुम्हाला?"

ओगल्यांनी भिंग लावलं. ठिगळ अंड्यासारखं उभट झालं होतं.

इचलकरंजीच्या या वस्त्रवैद्यक प्रयोगशाळेत हृदयातली छिद्रं बुजवणारी ठिगळं भरतकामाच्या यंत्रावर भरली जात. धागा होता कोशतंतू. शरीर त्याला परकं मानत नसे आणि त्याच्यावर स्वतःच्या पेशी चढवत असे. शल्यविशारद चित्र काढून पाठवायचे आणि वैजयंता त्या चित्राचा टाकेनकाशा करायची. कुठला टाका कुठून कुठे, कुठल्या दिशेने, किती दाट, हे सगळं त्यात असे. यंत्राला चित्र कळत नाही, फक्त टाके कळतात. आजवर नमुनेच भरले होते; माणसाच्या हृदयात बसणारं पहिलं ठिगळ आजचं, मीनल पाटोळेसाठी. वय सव्वीस, शस्त्रक्रिया दुपारी तीनला सांगलीत. ठिगळ गोल नसेल तर कडेने रक्त झिरपणार होतं, आणि कोशतंतू आता एकाच ठिगळापुरता उरला होता.

"तुमच्या शुद्धकाने माझ्या नकाशाला हात लावलाय," वैजयंता म्हणाली.

शुद्धक ही ओगल्यांची लाडकी प्रणाली. नकाशा चित्रापासून जिथे ढळेल तिथे तो सरळ करायची आणि प्रत्येक दुरुस्ती त्या कर्मचाऱ्याच्या दोषांकात जमा करायची. दर डिसेंबरला यादी लागे. सर्वांत कमी दोषांक सर्वांत वर. तळाच्या चौघींना घरी पाठवत. कुणाच्या सुपीक डोक्यातून हे निघालं होतं कोण जाणे, पण एकाही शहाण्याने त्यावर प्रश्न विचारला नव्हता.

"ढळलेलं सरळ केलं तर बिघडलं कुठे?" ओगल्यांनी विचारलं.

"टाकेलेखन शिकायला आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी काय सांगतात, माहीत आहे? गोल हवा असेल तर गोल काढू नकोस. आडवे टाके घातले की धागा कापडाला आडवं आवळतो. कापड त्या बाजूने आकसतं आणि गोल उभट होतो. म्हणून नकाशात तो आधीच आडवा फुगवायचा. याला आम्ही ओढ धरणं म्हणतो. पडद्यावर वाकडं दिसतं ते कापडावर सरळ येतं. आणि तुमचा शहाणा ते पडद्यावरच सरळ करून ठेवतो."

ओगले उठून खिडकीपाशी गेले. माणूस हट्टी होता, पण खोटा नव्हता.

"म्हणजे ओढ जितकी अचूक धराल, तितका चित्राशी फरक जास्त," ते सावकाश म्हणाले. "आणि तितका दोषांक जास्त."

"आत्ता कळलं?"

त्यांनी परत येऊन नोंदी उघडल्या. बराच वेळ ते वाचत राहिले.

"वैजयंताबाई, शुद्धकाने तुमच्या या नकाशात फक्त तीन दुरुस्त्या केल्यात, आणि त्याही केसाएवढ्या. गोल तुम्हीच काढलाय."

तिने त्यांना बाजूला सारून पडदा पाहिला. खरं होतं. नकाशातलं वर्तुळ कंपासने काढल्यासारखं होतं.

ही यादी सुरू झाली त्या वर्षी तिने ओढ थोडी कमी धरली होती. कारण दोषांक दिसत होता आणि तेव्हा इथे भरल्या जाणाऱ्या शाळेच्या बिल्ल्यावरचा सूर्य किंचित चेपला तर कोण बघतंय. दोषांक उतरला, तिला विभागप्रमुख केलं. पुढच्या वर्षी तिने आणखी कमी धरली. चौथ्या वर्षी हात आपणहून गोल काढू लागला आणि तिला त्याचा पत्ताही लागला नाही. सकाळपासून चढलेला राग आता कुणावर काढायचा, ते तिला कळेना.

"दुसरा काढा. ओढ धरून," ओगले म्हणाले.

"किती धरून? हा सुती दोरा नाही. रक्तात भिजला की हा दुसऱ्यांदा आकसतो. त्याचा अंदाज एकट्या अक्काताईला होता."

अक्काताई चौगुले कोशतंतूचे नमुने भरायची. गेल्या डिसेंबरला तिचा दोषांक सर्वांत जास्त होता, म्हणून तिला घरी पाठवलं होतं. तिचे मूळ नकाशे शुद्धकाने सरळ करून टाकले होते.

वैजयंताने फोन लावला.

"अक्काताई, कोशतंतूला ओढ किती धरायचीस?"

"आता गरज पडली व्हय?"

"माझ्यासाठी सांगू नकोस. तीन वाजता एका पोरीचं ऑपरेशन आहे."

"मला कशाला विचारतीस गं? मला काढल्याच्या कागदावर सगळं लिवलंय. कुठं चुकली, कुठल्या अंगाला, किती. खाली तुझी सही हाय. सही करताना वाचला न्हाईस?"

फोन बंद झाला.

नव्हताच वाचला. चहा पिता पिता तिने चार कागदांवर सह्या केल्या होत्या.

तिने तो कागद काढला. नमुना अठरा मिलिमीटरचा, म्हणजे आजच्याच मापाचा. एकशे बारा चुका होत्या, प्रत्येकीची जागा, दिशा आणि माप दिलेलं. ओगल्यांनी शुद्धक बंद केला. वैजयंताने एकेक चूक नकाशात परत घातली. काही ठिकाणी तिला ओढ फार वाटली, पण तिने स्वतःचं काही चालवलं नाही.

ठिगळ यंत्रातून निघालं ते आडवं फुगलेलं. ओगल्यांचा चेहरा उतरला. तिने ते रक्ताऐवजी कोमट खारट पाण्यात सोडलं. सहा मिनिटांनी ते आकसून थांबलं. ओगल्यांनी चारही बाजूंनी माप घेतलं, मग पुन्हा घेतलं.

"गोल आहे."

साडेबाराला गाडी सांगलीला निघाली.

"शुद्धक आजच काढून टाकतो," ओगले म्हणाले.

"राहू दे. मोजतो तो बरोबर. आजवरच्या सगळ्या याद्या काढा आणि खालून वाचा. तळाला जी असेल तिला आधी फोन करा, पाया पडून बोलवा."

"आणि तुम्ही?"

"माझं नाव सर्वांत वर आहे," वैजयंता म्हणाली. "खालून वाचत या. शेवटी लागेल."