लाल अंगठे

"हे मेलं नाही, मारलंय," मोनालीनं वाळकी फांदी धम्मरत्नच्या नाकासमोर धरली. "बाजूचं गवतही जळालं. तणनाशक मारलं कोणीतरी."

तिनं उकरून पाहिलं. मुळी काळी, कुजलेली.

केळापूरजवळच्या त्या गावात बारतोंडीचं हे एकच झुडूप उरलं होतं. पूर्वी शेताच्या धुऱ्याधुऱ्यावर, बांधाबांधावर बारतोंडी होती. पाला खाऊन म्हशी लाल दूध देत, असं जमनाबाई रंगारीण सांगायची. लाल नाही तरी आपण गुलाबी धरू. बारतोंडीच्या मुळीतून लाल रंग काढणं आता तिलाच ठाऊक होतं. या दिवाळीच्या सुटीत ती ते मोनालीला शिकवणार होती. मुळी जून व्हावी म्हणून मोनाली दोन दिवाळ्या थांबली होती.

"धुरा मारोतकाकाचा. विचार त्यायले."

"विचारलं. म्हणे कीड लागली. तुले थापा मारता येतात?"

"मले दुसरं येते काय?"

संध्याकाळी पारावर हळदीत रंगवलेलं फडकं पसरून धम्मरत्न गंभीरपणे म्हणाला, "ज्यानं झुडूप मारलं, त्याच्या बोटाखाली याले रक्त फुटते."

तंबाखू-सुपारीत चुना घालून खर्रा घोटता घोटता मारोतकाका हसले. चुन्याचा अंगठा त्यांनी फडक्यावर टेकवला. लालभडक ठसा उमटला!

हळदीला चुना लागला की ती लाल होते, हे जमनाबाईनं मोनालीला पहिल्याच दिवशी दाखवलं होतं. मारोतकाकांच्या हातून खर्रा गळाला.

"फवारलं बाप्पा. बोंडअळी झुडपात लपते, असं औषधवाला म्हणे."

"मग गेली काय अळी?"

"कायची जाते."

आता साऱ्यांनाच फडकं पाहायचं होतं. पारावर बिनचुन्याचं बोट कोणाचं? एकेक अंगठा टेकत गेला, लाल होत गेला. मोनाली खरं सांगणार, तेवढ्यात घोळक्यातले उत्तमसिंग आपला लाल ठसा पाहत पुटपुटले, "माह्या धुऱ्यावरची बारतोंडी मीच मारली, मागच्या साली."

"नाल्यावरची मी," मागून कोणी म्हणालं.

एकेकजण अंगठा धोतराला पुसू लागला.

"पोट्टे हुशार निघाले," शेवटी मारोतकाका म्हणाले. सगळ्यांनी माना डोलावल्या. कोणीतरी चिवडाही आणला. तो तसाच राहिला.

मोनालीनं फडकं नेऊन दाखवलं, तेव्हा जमनाबाईनं त्यावरून हात फिरवला. "लाल चांगला आला, पोरी. पण हा धुतला की जाते. बारतोंडीचा रंग लुगडं फाटलं तरी जात नसे."

मोनालीनं ते फडकं कधीच धुतलं नाही.