बेचाळिसावा अल्बम

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या सख्ख्या मावशीच्या घरात घडलंय, आणि तिच्या तोंडून मी याआधी भुताचं नावही ऐकलं नव्हतं.

मंगळवार होता. दुपारचे तीन. लख्ख ऊन.

मावशी गणिताची निवृत्त शिक्षिका. तिचा आवाज तीन वर्ग पलीकडे जायचा. काकांना जाऊन आठ महिने झाले होते, तरी तिचा त्यांच्यावरचा राग तसूभर कमी झाला नव्हता.

कारणही तसंच होतं. दोन वर्षांपूर्वी ती जिन्यावरून पडली. मांडीचं हाड मोडलं. चाळीस मिनिटं ती हाका मारत होती... आणि काका वरच्या खोलीत हेडफोन लावून बसले होते.

"अगं, मला काही ऐकूच आलं नाही," एवढंच ते म्हणाले.

काकांनी एका वेबसाइटवरून गाण्यांचे एकेचाळीस अल्बम विकत घेतले होते. उच्च दर्जाच्या, भल्यामोठ्या फाइल्स. ती वेबसाइट बंद होणार होती. महिनाअखेरपर्यंत सगळं उतरवून घ्या, असा मेल आला. लेकीला ती गाणी हवी होती, म्हणून मावशी धुसफुसत कॉम्प्युटरपुढे बसली. सॉफ्टवेअर उघडलं. 'सर्व डाउनलोड करा' दाबलं.

"मेल्यावरही माझ्याकडूनच कामं करून घ्या!"

तासाभराने एकेचाळीस अल्बम उतरले. ती उठणार...

तेवढ्यात स्क्रीनवरची डाउनलोडची पट्टी पुन्हा सरकू लागली.

बेचाळिसावा.

चित्र नाही. गायकाचं नाव नाही. फक्त एक तारीख... ती जिन्यावरून पडली तो दिवस.

खाली लिहिलं होतं, 'खरेदी: काल'.

तिने हेडफोन लावले.

आधी नुसती पंख्याची घरघर. मग लांबून...

"अहो! पडले मी! ऐकताय का?"

तिचाच आवाज.

आणि अगदी कानाशी, शांतपणे, काका...

"ऐकतोय."

खुर्ची हलली नाही. पावलं वाजली नाहीत. चाळीस मिनिटं नुसता श्वास, आणि लांबून तिच्या हाका.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग भिंतीवरचा काकांचा फोटो ओढून जमिनीवर आपटला.

"भित्रा मेला! जिवंतपणी सांगायची हिंमत नव्हती!"

काचा अजून विखुरत होत्या... आणि पट्टी पुन्हा सरकली.

त्रेचाळिसावा.

तारीख, काका गेले त्या दिवसाची. लांबी, वीस मिनिटं.

तिने कॉम्प्युटरची वायर हिसकून काढली.

हे सगळं तिनेच मला सांगितलं, तावातावाने, टेबलावर मूठ आपटत.

काका बाथरूममध्ये कोसळले तेव्हा ती घरातच होती. हाक ऐकू आली नाही, असं ती म्हणाली होती, आणि आम्ही कुणी पुढे काही विचारलं नव्हतं.

मी सहज म्हटलं, "त्या शेवटच्या अल्बममध्ये काय असेल गं?"

ती माझ्यावर खेकसली, "मिक्सर चालू होता म्हटलं ना!"

मी मिक्सरचं नावही काढलं नव्हतं.

काकांच्या त्या वेबसाइटवरच्या खात्याचा पासवर्ड माझ्याकडे आहे. महिना संपायला चार दिवस उरलेत...

मी अजून ते खातं उघडलेलं नाही.