तळ्याकाठची रिकामी जागा

माझं शुद्धलेखन कच्चं आहे आणि शब्दही साधेच येतात, तेवढं सांभाळून घ्या. शाळा लहानपणीच सुटली. ही गोष्ट आमच्याकडे गाड्यांची सीट कव्हरं शिवणाऱ्या काकांनी सांगितली. वीज गेली होती, मशीन बंद, आम्ही पोरं अंधारात बसलेलो. काका म्हणाले, ज्याच्या बाबतीत हे घडलं तो माझा शेजारी, रोज दिसतो. पटलं तर पटलं, नाही तर सोडून द्या. त्यांनी सांगितलं तसं लिहितो.

तो माणूस एका मोठ्या इस्पितळात लिफ्ट चालवायचा. दार उघडलं की कोणीतरी डोकं आत घालून विचारणार, "जागा आहे का?" आणि हा वर न बघता म्हणणार, "आहे, या." दिवसभर तेच. त्याची बायको त्याच इस्पितळात आजारपणात गेली. थोड्याच दिवसांत तो पुन्हा लिफ्टमध्ये उभा. रडला नाही. ताट पुढे आलं की जेवायचा, नाही आलं तर मागायचा नाही. त्याची मुलगी दुसरीत होती, घरात तिला ठकी म्हणत. बापाचं बघून तीही गप्प गप्प झाली.

त्याची धाकटी बहीण परदेशात राहायची. तिला हे बघवेना. तिनेच दोघांची तिकिटं काढली. इकडच्या उन्हाळी सुट्टीत तंबूत राहू, पोर जरा मोकळी होईल, म्हणाली. कुठे राहायचं ते ठरवायला तिने फोनवर दोन ठिकाणं दाखवली, एक डोंगरात आणि एक तळ्याकाठी. तंबूला जागा कशी निवडायची तेही समजावलं. जमीन सपाट हवी, खोलगट नको, डोक्यावर वाळकी फांदी नको, पाण्याला अगदी खेटून नको, नळ हाकेच्या अंतरावर हवा. हा नुसता "हं, हं" करत होता. शेवटी ती वैतागली. दादा, याच्यापेक्षा दगडाशी बोलले असते तर दगडाने तरी एखादा प्रश्न विचारला असता, म्हणाली.

ठकीने तळ्यावर बोट ठेवलं. आईला पाणी आवडायचं, एवढंच बोलली. तळंच ठरलं.

ऑगस्टमधल्या दुसऱ्या शनिवारी, उजेड मावळताना ते तिघं तिथे पोचले. काठाने तंबूला तंबू लागलेला. फाटकावरच्या माणसाने एक बोट वर केलं. एकच जागा उरली होती. ती मात्र बघत राहावी अशी. सपाट, दाट गवताची, पाण्यापासून बेताची लांब, नळ समोर. बहिणीने सांगितलेलं सगळं तिथे होतं.

"एवढ्या गर्दीत ही आपल्यासाठी कोणी राखून ठेवली?" ती म्हणाली आणि स्वतःच हसली. खुंट्या ठोकताना भावाला चिडवून घेतलं, वहिनी असती तर तुझ्या हातात हातोडी दिली नसती म्हणून. तोही हसला. हसायचं असतं म्हणून. जमिनीवर झोपलं की तिची कंबर धरायची, म्हणून ती फाटकाबाहेर गाडीत झोपायला गेली.

तंबूत ठकी एका कडेला झोपली, तो दुसऱ्या कडेला. मधली जागा रिकामी. ठरवून काही केलं नव्हतं. घरी मधे आई असायची.

एक वाजून गेला. आजूबाजूची कुजबुज थांबली, दिवे विझले. त्याला झोप नव्हती. झोप नाही याचं वाईटही वाटत नव्हतं. घरी अशा वेळी ती कूस बदलून हळूच विचारायची, "जागा आहेस?" आणि हा म्हणायचा, "नाही, लिफ्ट भरली." मग दोघं तोंड दाबून हसायची, पोर उठू नये म्हणून.

गवतात पावलं वाजली.

नळावर कोणी आलं असेल...

पावलं थांबली. तंबूच्या दाराशी.

"जागा आहे..."

बाईचा आवाज. आपल्या भाषेत. त्या परक्या मुलखात.

शेवटचं अक्षर कापडाबाहेरच राहिलं. आहेस? की आहे का?

त्याला तेवढंच ऐकायचं होतं. एक "स". तो असला तर ती होती. नसला तर... पलीकडे ठकी झोपली होती.

त्याने श्वास धरला.

"जागा आहे..."

पुन्हा तसंच. तुटलेलं.

आणि त्याच्या तोंडून गेलं, "आहे, या."

बोलला, आणि मग कळलं. बायकोला कोण "या" म्हणतं?

दाराची चेन वाजली नाही. कापड हललं नाही. मधली सतरंजी दबली. हळूच. कोणी बसावं तशी. मग कोणी आडवं व्हावं तशी.

ठकीला ओढून घ्यायचं होतं. हात उचलेना.

हाक मारायची होती...

...

काका इथे थांबले. बाहेर एक गाडी गेली, तिचा उजेड भिंतीवरून फिरला. मग काका म्हणाले, गंमत बघा. त्याला झोप लागली. बायको गेल्यापासून पहिल्यांदा, गाढ.

सकाळी चेन आतून बंदच होती. ठकी उठून बसली होती, त्याच्याकडे पाठ करून. रात्री तिचे केस मोकळे होते. त्याला वेणी येत नव्हती आणि आत्याचे केस कापलेले, तिलाही जमायचं नाही. आता पाठीवर एक वेणी होती. कपाळापासून विणत नेलेली, गुळगुळीत, एक केस बाहेर नाही. तिची आई दोन घालायची. ही तऱ्हा त्याने कधी पाहिलीच नव्हती. टोकाला रबर नव्हतं. एक लांब पांढरा केस गुंडाळून गाठ मारली होती. बायकोच्या डोक्यात पांढरा केस नव्हता.

"कोणी घातली?"

"मी झोपले होते ना," ठकी म्हणाली. वेणीवरून हात फिरवला. "आई ओढायची. ही ओढत नाही."

त्याने चेन उघडली. तिला उचलून बाहेर आणलं आणि नळापाशी दगडावर बसवलं. नखाने गाठ सोडवली. तो केस नळाच्या खांबाला बांधला, दोन गाठी मारून, इथला इथेच राहावा म्हणून. मग वेणी शेवटपर्यंत उलगडली, ओल्या बोटांनी भांग पाडला आणि दोन वेण्या घालायला घेतल्या. पहिली वाकडी झाली. सोडली, पुन्हा घातली.

"बाबा, ओढतोयस."

"ओढणारच," तो म्हणाला, आणि दुसरी घालायला घेतली.