सात सतराची नोंद

डॉक्टरीणबाईंनी त्या दोघांना बसा असंही म्हटलं नाही.

"अकराला सहलीची बस सुटेल. चाळीस मुलं आहेत. ड्रायव्हरची साखर खरंच चारशे बारा असेल, तर त्याला आत्ताच थांबवायला हवं. एकशे बारा असेल, तर मी एका माणसाच्या पोटावर उगाच पाय देईन."

तात्यांनी घड्याळ पाहिलं. सव्वादहा. त्यांचे साडू अप्पा, खाजगी तपास करणारे, मात्र लॅबच्या भिंतीवरचे वायफायचे डबे न्याहाळत होते.

प्रकरण एवढंच होतं. काल संध्याकाळी टेक्निशियनबाईंनी संगणकात आकडा भरला, चारशे बारा. आज आठला बस डेपोला गेलेल्या रिपोर्टात होता एकशे बारा. बदल सात वीसला, बाईंच्याच लॅपटॉपवरून झालेला. कोणी केला, ते तिथे लिहिलं जात नव्हतं. रक्ताची नळी आणि यंत्राची चिठ्ठी कालच्या कचऱ्यात गेली होती. ड्रायव्हर अनोळखी फोन घेत नव्हता, आणि सहीच्या पत्राशिवाय डेपो ऐकत नव्हता.

आधी काउंटरवरच्या बाई आल्या. त्या म्हणाल्या, गेल्या आठवड्यात नेटवर्कवाला येऊन सगळे लॅपटॉप नीट करून गेला, मॅनेजर दिवसभर त्याच्या शेजारी बसून होते. सोमवारी टेक्निशियन रजेवर होती. बदली मुलगी सकाळी आली, टेक्निशियनच्या लॅपटॉपवर तिने पहिल्यांदाच स्वतःचं नाव टाकलं. दोन मिनिटं 'तयारी चालू आहे' असं दिसलं आणि उघडलं.

मग टेक्निशियन. सातला येऊन तिने लॅपटॉप फक्त चालू केला आणि आत नमुने लावायला गेली. साडेसातला परतली.

"लॉगिन करताना काही वेगळं?" अप्पांनी विचारलं.

"नाव टाकावं लागलं, पूर्ण. एरवी नाव आधीच असतं, नुसता पासवर्ड द्यायचा. मंगळवारीही असंच झालं होतं, ती बदलीवाली बसली होती म्हणून."

तात्यांना वाटलं, नाव टाकण्यात कसलं आलंय रहस्य. दहा बत्तीस झाले होते.

शेवटी मॅनेजर. हो, ड्रायव्हर माझे दाजी आहेत, ते आपण होऊनच म्हणाले. पण वायफायच्या नोंदीत सात दोनला तो लॅपटॉप जोडला गेलेला आहे, म्हणजे बाईंनी तेव्हाच लॉगिन केलं. आकडा भरताना चूक झाली, ती त्यांनीच निस्तरली.

"आणि मी तर त्या लॅपटॉपला कधी हातच लावलेला नाही. नवं नाव पहिल्यांदा उघडायला वायफाय लागतं. आणि वायफाय जोडलं जातं ते कोणी लॉगिन केल्यावरच. मी आत शिरणार कसा?"

"म्हणजे किल्ली घरात आणि घराला कुलूप," तात्या पुटपुटले. त्यांना ते बिनतोड वाटलं.

अप्पांनी सगळ्यांना लॅपटॉपपाशी बोलावलं. लॅपटॉप बंद करून पुन्हा चालू केला. नाव, पासवर्ड काहीच दिलं नाही. कोपऱ्यात वायफायची खूण उमटली.

"नेटवर्कवाला येऊन गेल्यापासून हे असं आहे. मशीन लॉगिनची वाट न पाहता स्वतःच जोडलं जातं. नाहीतर सोमवारी बदलीची मुलगी आत गेलीच नसती. तेव्हा सात दोनची नोंद एवढंच सांगते, की लॅपटॉप चालू झाला. मॅनेजरसाहेब, तुमचं म्हणणं पंधरा दिवसांपूर्वी खरं होतं. ते बदललं तेव्हा तुम्ही तिथेच बसला होता."

अप्पा पडद्याकडे वळले.

"बाईंचं नाव आज पडद्यावर नव्हतं. म्हणजे कालपासून आजच्या साडेसातपर्यंत दुसरं कोणीतरी इथे लॉगिन केलं. आणि पहिल्यांदा येणाऱ्याचा फोल्डर मशीन स्वतः तयार करतं. त्यातच ती दोन मिनिटं जातात." त्यांनी बाईंना आतली फोल्डरांची यादी उघडायला लावली. तीन नावं होती. तिसरं मॅनेजरचं, आज, सात सतरा.

"ताईच्या घरात कमावणारे ते एकटेच," मॅनेजर म्हणाले.

डॉक्टरीणबाई पत्रावर सही करत होत्या. पावणेअकरा. डेपोचा फोन लागत नव्हता.

अप्पांनी मॅनेजरांपुढे त्यांचाच मोबाइल सरकवला. "तुमचा फोन ते घेतील."

तिसऱ्या रिंगला पलीकडून गलका ऐकू आला, मुलांचा.

"दाजी, गाडीतून उतरा... नाही, किल्ली काढा आधी. रिपोर्ट खोटा आहे. मी केलाय." ते बराच वेळ नुसते ऐकत राहिले. शिव्या असाव्यात. मग गलका थांबला, दार आपटल्याचा आवाज आला.

"उतरले," मॅनेजर म्हणाले, आणि खुर्चीत बसले. "ताईला मीच सांगतो."