बारा रकान्यांचा तक्ता

प्रोजेक्टरच्या मेंटेनन्सइतकं फालतू काम जगात दुसरं नाही, आणि ते मी अकरा वर्षं करतोय. लातूर, उदगीर, नांदेड, जिथं टॉकीज तिथं मी. दर महिन्याला फिल्टर झटकायचा, दिव्याचे तास बघायचे, भिंतीवरच्या तक्त्यात त्या महिन्याच्या रकान्यात सही ठोकायची. कंपनीला सही लागते, फिल्टर कुणाच्या बापानं बघितलाय? म्हणून मी जानेवारीतच बाराही रकाने भरून मोकळा होतो. ऑपरेटरच्या सह्याही तेव्हाच उरकतो.

आज सकाळी लातूरच्या टॉकीजला गेलो. सिनेमाला तिथं कुत्रं फिरकत नाही, पण सकाळी हाऊसफुल्ल. क्लासवाल्यांनी हॉल घेतलाय. सहाशे पोरं, पडद्यावर फिजिक्स, माईकवर सरांचं बोंबलणं. या गावात दर दुसरं घर डॉक्टर घडवतंय. आजारी कोण पडणार, देव जाणे. आमची पोरगी वैष्णवीही तिथंच, चौथ्या रांगेत. बापाला कुठं अक्कल आहे!

वर केबिनमध्ये ऑपरेटर सिद्धेश्वरअप्पा स्टुलावर बसला होता. कपाळाला भस्म, तोंड उतरलेलं. रिळांच्या काळापासूनचा माणूस, मशीनला रोज हात जोडतो. मी त्याला कायम हसत आलोय.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "तक्ता बघा."

सप्टेंबरपर्यंत, म्हणजे या महिन्यापर्यंत, दोघांच्या सह्या होत्या. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर कोरे.

म्हातारपणी नवा तक्ता लावायचा खुळचटपणा केलास होय, म्हणून मी त्याला झापलं. त्यानं नुसतं बोट दाखवलं. डिसेंबरच्या रकान्यावर चहाच्या कपाचं वर्तुळ होतं. जानेवारीत मीच कप टेकवला होता. कागद तोच. मी बोट फिरवलं. खोडल्याची खूण नाही, पेनाचा वळ नाही. केबिनमध्ये ओल्या मातीचा वास येत होता, आणि बाहेर तर ऊन होतं.

मग अप्पानं सांगितलं. त्र्याण्णव साली त्याच्या जोडीला मल्लिकार्जुन होता, किल्लारीकडचा. महाआळशी. रिळं तपासल्याच्या सह्या दिवाळीपर्यंत आधीच करून विसर्जनाला गावी गेला. त्या संध्याकाळी अप्पानं रजिस्टर उघडलं, तर सही एकोणतीस सप्टेंबरपर्यंतच. पुढची पानं कोरी. पहाटे जमीन हलली.

"मी त्याला शिव्या घातल्या, साहेब... कामचोर म्हणलो. निरोप धाडाया पायजे होता. आता आपलं दोघांचं बी तसंच हाय..."

मी हसलो. मग झरोक्यातून बघितलं. खाली सहाशे पोरं होती आणि त्यात माझी पोर.

अकरा वर्षांत पहिल्यांदा मी मशीन नीट उघडलं. फिल्टर धुळीनं बुजलेला, दिव्याचे तास कधीच उलटून गेलेले. असा दिवा फुटतो, हे मला पाठ आहे. मी मशीन बंद केलं. हॉल काळोखात गेला, पोरांनी शिट्ट्या मारल्या. जिना उतरून मी वैष्णवीला दंडाला धरून बाहेर काढलं. हॉल रिकामा करा म्हणून मॅनेजरच्या विनवण्या केल्या. तो हसला. अगदी माझ्यासारखाच हसला. शेवटी परत वर जाऊन मशीनचा फ्यूज काढून खिशात घातला आणि पोरीला घेऊन निघालो.

घरी येईपर्यंत जीव भांड्यात पडला होता. संकट टॉकीजमध्ये, आणि पोर माझ्याजवळ. ती मात्र फुगून बसली होती. लेक्चर बुडालं, टाइमटेबल कोलमडलं म्हणून भुणभुण चाललेली. टेबलामागच्या भिंतीला तिचं टाइमटेबल चिकटवलंय, जून ते मे, रोजचा एक चौकोन. अभ्यास झाला की टिक.

सहज नजर गेली. आज सत्तावीस तारीख, आणि टिका तीस सप्टेंबरपर्यंत होत्या. पुढचे चौकोन कोरे.

"हे काय गं? न आलेल्या दिवसांच्या टिका?"

ती ओशाळली. तुम्ही रागवाल म्हणून सांगितलं नाही, म्हणाली. मग कागदाजवळ गेली, वाकून बघितलं, कोऱ्या चौकोनांवरून बोट फिरवलं.

"बाबा, मी तर जूनमध्येच सगळ्या करून टाकल्या होत्या... मेपर्यंतच्या. तुम्ही करता ना, तशाच."