पहिल्या हाकेला

आत्या जिवंत आहे की नाही, एवढंच पुष्पाला बघायचं होतं. शुक्रवारी डोंगराच्या पायथ्याशी मोहाच्या झाडाच्या बेचक्यात ठेवलेलं तांदळाचं गाठोडं सोमवारीही तिथेच होतं, मुंग्या लागलेलं. चार वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

२०१९चा फेब्रुवारी होता. वेवजी गावाच्या पलीकडच्या त्या पाड्यात नोव्हेंबरापासून जमीन हादरत होती आणि माणसं घरं सोडून अंगणात ताडपत्रीखाली राहत होती. शिकलेली माणसं येऊन यंत्रं लावून गेली. पाड्याला यंत्राची गरज नव्हती. त्यांना कारण ठाऊक होतं. नवशी, पुष्पाची आत्या! चार वर्षांपूर्वी बायजीचं तान्हं बाळ तापाने गेलं. आदल्या दिवशी नवशीने त्याला मांडीवर घेतलं होतं, एवढ्यावर तिला भुताळी ठरवून डोंगरात हाकललं. आता म्हणे तीच जमीन हलवते. जिला चुलीपुरता ओंडका हलवता येत नव्हता, ती अख्खा तालुका हलवणार! पण भ्यालेल्या माणसाला कोण शहाणपण शिकवणार?

पुष्पा त्या दिवशी मूग गिळून बसली होती. नंतर दर शुक्रवारी ती तांदूळ ठेवायची आणि आत्या खाली उतरायच्या आत पळायची.

त्याच सकाळी तिघं निघाले. पुढे भिका, मधाची पोळी काढणारा म्हातारा, कडेकपारी माहीत असलेला पाड्यातला एकटाच. मध्ये पुष्पा. मागे तिचा भाऊ लाहू, पाय ओढत.

"ताई, ती अजून आपली आत्याच असेल ना?" त्याने विचारलं.

पुष्पाने पावलं भराभर उचलली. तीच भीती तिच्याही पोटात होती.

शुक्रवारच्या मोठ्या धक्क्याने वाट खचली होती. उरली होती वीतभर कपार, खाली खोल घळ. भिकाने पोळी काढायचा दोर झाडाला बांधला आणि तिघं कड्याला पोट घासत सरकू लागले. अर्ध्यात आले आणि जमिनीच्या पोटातून गडगडाट आला. कडा हलला. दगड सुटले. लाहूचा पाय निसटला! पुष्पाने त्याचं मनगट धरलं. खांदा निखळतो की काय असं झालं, पण तिने सोडलं नाही. धक्का ओसरला तेव्हा दोघांच्या तोंडात माती होती.

पलीकडे आत्याची झोपडी दगडांखाली चिरडली होती. आत फुटकं मडकं आणि चुलीतली गार राख. माणूस नाही. लाहू तोंड फिरवून रडला.

तेवढ्यात खालच्या घळीतून आवाज आला.

"पुष्पे!"

भिकाने हात आडवा केला. "ओ देऊ नको. माणूस तीनदा हाक मारतं. एकदाच मारतं ते दुसरंच असतं."

ते थांबले. दुसरी हाक आलीच नाही. "चला," भिका म्हणाला आणि तिघं परत फिरले. पन्नासेक पावलांवर पुष्पाचे पाय अडले. तिला पहिलं वर्ष आठवलं. गाठोडं ठेवून ती उतरताना वरून हाका यायच्या, पुष्पे, पुष्पे, पुष्पे. पुऱ्या तीन. आणि ती पळत सुटायची.

"तीन हाकांना ओ दिली नाही मी, काका," ती म्हणाली. "आता एकीला काय भ्यायचं?"

तिने वळून ओरडून ओ दिली, दोराचं मोकळं टोक कमरेला बांधलं आणि ती घळीत उतरली.

नवशी शिळेखाली पाय अडकून पडली होती. झिरपणाऱ्या पाण्यावर तिने तीन दिवस काढले होते. हाडांची मोळी उरली होती, पण डोळे तेच. लाहूही पाठोपाठ उतरला. बांबूची पहार करून त्यांनी शिळा उचलली.

"तीनदा का नाही हाक मारलीस, आते?"

"पहिलं वर्षभर तीनदाच मारायचे. तू कुठे वळायचीस? मग म्हटलं, एकदाच पुरे."

 पुष्पाने आत्याचा पाय लुगड्याच्या चिंधीने बांधला.

घळीच्या तोंडाने, लांबच्या वाटेने, झोळीतून तिला पाड्यात आणेपर्यंत दुपार कलली. माणसं गोळा झाली, दूर उभी राहिली. "परत ने तिला," कोणीतरी म्हणालं. तेवढ्यात जमीन पुन्हा हादरली. सगळ्यांचे डोळे नवशीकडे. ती पुष्पाचा पदर मुठीत धरून, डोळे मिटून लटलट कापत होती. बायजीने ते पाहिलं आणि मान खाली घातली. पुढे मात्र कोणी आलं नाही. शेजाऱ्यांनी ताडपत्री उपटून वीस पावलं लांब ठोकली.

पुष्पा पाठमोरी बसून पेज शिजवत होती. भिका दोर गुंडाळत होता.

"पुष्पे," ताडपत्रीखालून हाक आली. एकदाच.

भिकाचे हात थांबले.

"ओ, आते," पुष्पा म्हणाली आणि वाटीत पेज ओतू लागली.